कर नाही त्याला परतावा

अमेरिकेत श्रीमंत माणसाने कर किती भरायचा हे त्याचा सीपीए सांगतो. सीपीए म्हणजे तिकडचा सीए. मध्यमवर्गीयाला तेच विकतचं सॉफ्टवेअर सांगतं. आणि ज्याच्याकडे सीपीएला द्यायला पैसे नाहीत, सॉफ्टवेअरशी झटापट करायला वेळ नाही, जो दोन नोकऱ्यांच्या मधल्या वेळात बसमध्येच डुलकी काढून घेतो, त्याच्यासाठी सरकारने आयकर कायद्यातलं एक खास किचकट कलम राखून ठेवलं आहे. कलम ३२. पाळण्यातलं नाव 'अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट', घरगुती नाव ईआयटीसी. काम करून थोडं कमावणाऱ्याला सरकार वरून पैसे देतं. त्याचा कर शून्य असला तरी देतं. अट एकच: किती मिळणार ते आधी काढून दाखवायचं.

न्यू जर्सीत आमच्या भागातल्या वाचनालयात फेब्रुवारी ते एप्रिल शनिवारी फुकट विवरणपत्रं भरून देणारं केंद्र चालतं. स्वयंसेवकांना आधी परीक्षा द्यावी लागते, आणि ती पास झाल्यावर माणूस घरात जरा मोठ्याने बोलू लागतो. माझं तेच झालं होतं. नेमके त्याच सुमारास चुलतबहिणीच्या बाळंतपणासाठी काकू भारतातून आल्या, आणि त्या घरात काकांचा उपयोग नाही असं सर्वानुमते ठरल्यामुळे काका माझ्याकडे आले. काका जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. बर्फ पडत होता, टीव्हीवर काही कळत नव्हतं, आणि चहाच्या टेबलावर माझी 'पुस्तिका क्रमांक ५९६' पडली होती. ईआयटीसीची ही सरकारी पोथी काकांनी अशी उचलली की ती एप्रिलपर्यंत माझ्या हाती लागली नाही.

गोपनीयतेच्या नियमामुळे काकांना केंद्रात प्रवेश नव्हता. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी माझी घरी तोंडी परीक्षा व्हायची.

"म्हणजे बघ," पहिल्याच दिवशी काका म्हणाले, "कर भरलाच नाही, आणि परतावा मिळतो. परत काय करायचं मग? जे आलंच नाही ते परत कसं जाईल?"

"काका, याला रिफंडेबल क्रेडिट म्हणतात."

"म्हणू देत. आपल्याकडे ८७अ आहे. उत्पन्न मर्यादेत असलं की कर शून्य. शून्यावर गाडी थांबते. सरकार शून्याच्या खाली उतरून आपल्या घरी येत नाही."

मुद्दा बरोबर होता. भारतातली सूट कर पुसून टाकते आणि हात झटकते. इथली सूट कर पुसते आणि उरलेली रक्कम बँकेत टाकते. हे शहाणपण अमेरिकेला एकदम सुचलं नाही. मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ च्या पुस्तकात 'उणे आयकर' मांडला: ठरावीक उत्पन्नाच्या खाली असलेल्या माणसाला करखात्यानेच पैसे द्यावेत. १९६९ मध्ये निक्सनने गरीब कुटुंबांना किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना आणली, ती सिनेटमध्ये गारठली. सिनेटच्या अर्थसमितीचे अध्यक्ष होते लुइझियानाचे रसेल लाँग. काम न करणाऱ्याला पैसे द्यायचे ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. पण काम करणाऱ्या गरिबाला पहिल्या डॉलरपासून पगारातून सोशल सिक्युरिटीची कपात सोसावी लागते, हेही त्यांना दिसत होतं. तेव्हा द्यायचं ते कामाच्या पटीत द्यावं, असा तोडगा निघाला आणि मार्च १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केली. योगायोग असा की त्याच दशकात आपल्या महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहत होती. 'आधी काम, मग दाम' हे लुइझियानातही पटलं आणि दुष्काळी महाराष्ट्रातही. फरक इतकाच की आपण हातात कुदळ दिली, त्यांनी कोष्टक दिलं.

१९७५ चा हिशेब पोस्टकार्डावर मावला असता. पहिल्या ४,००० डॉलर कमाईवर १० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ४००. मग कमी होत होत ८,००० ला शून्य. संपलं. पण चांगली योजना दिसली की तिच्यात सुधारणा करण्याचा मोह आवरत नाही. १९८६ च्या कायद्याने ती महागाईशी जोडली, १९९० मध्ये दोन मुलांसाठी वेगळा दर आला, १९९३ मध्ये मूल नसलेल्यांना आत घेतलं, २००९ मध्ये तीन मुलांचा रकाना उघडला. आता एका योजनेच्या चार योजना झाल्या आहेत, आणि नवरा-बायकोने एकत्र विवरणपत्र भरलं तर आठ.

कोष्टकाचं चित्र कागदावर काढलं की साताऱ्याच्या माणसाला ते ताबडतोब ओळखू येतं. काकांनी पेन्सिलने काढलं आणि म्हणाले, "हा तर अजिंक्यतारा!" खरंच. एका बाजूने खडा चढ, वर सपाट माथा, दुसरीकडे लांबलचक उतार. एक मूल असलेल्या एकट्या आईचा २०२४ चा गड असा: पहिल्या डॉलरपासून चढण, दर ३४ टक्के. कमाई १२,३९० झाली की माथा आला. हातात ४,२१३ डॉलर. तिथून २२,७२० पर्यंत चालत राहा, रक्कम तीच. त्यानंतर उतार. पुढच्या प्रत्येक डॉलरमागे १५.९८ सेंट कापले जातात आणि ४९,०८४ ला आपण पायथ्याच्या गावात. दोन मुलं असली तर गड उंच: दर ४० टक्के, माथ्यावर ६,९६०. तीन किंवा जास्त असली तर ४५ टक्के आणि ७,८३०. चौथ्या मुलाबद्दल कायदा काही बोलत नाही. तिथे तुमचं तुम्ही बघा.

"पंधरा पूर्णांक अठ्ठ्याण्णव?" काकांची पेन्सिल थांबली. "सोळा केले असते तर अमेरिका बुडाली असती का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेखा विभागात आयुष्य गेलेल्या माणसालाही ज्याचा राग यावा असा हा अपूर्णांक आहे.

पण खरी मौज पुढे. तुम्ही म्हणाल, दर कळले, आकडे कळले, आता गुणाकार करू आणि मोकळे होऊ. तसं करायचं नाही. गुणाकार सरकारने आधीच करून ठेवला आहे आणि तो कोष्टकात बघणं बंधनकारक आहे. कोष्टकाच्या ओळी पन्नास-पन्नास डॉलरच्या, आणि प्रत्येक ओळीत मधला आकडा धरून रक्कम काढलेली. समजा एका दुकानात गल्ल्यावर उभी राहणारी एक आई आहे, एक मूल, २०२४ ची कमाई बरोबर २६,०००. सूत्राने तिचे ३,६८९ डॉलर होतात. कोष्टकात तिची ओळ २६,००० ते २६,०५०. मधला आकडा २६,०२५. म्हणून मिळतात ३,६८५. चार डॉलर गेले. तिनेच २५ डॉलर जास्त कमावले असते, तर सूत्र आणि कोष्टक दोघंही ३,६८५ वरच येऊन थांबले असते. काकांना यात कुठेतरी ऑडिटचा आक्षेप निघेल असं वाटत होतं, पण त्यांचं लक्ष तेवढ्यात कोष्टकाच्या पहिल्या ओळीवर गेलं.

पहिली ओळ: कमाई १ ते ५० डॉलर. एक मूल असेल तर क्रेडिट ९.

"वर्षभरात एक डॉलर कमावला," काका हळूहळू म्हणाले, "की सरकार नऊ देतं."

"हो. दोन मुलं असली तर दहा, तीन असली तर अकरा."

"आणि मूल नसलं तर?"

"दोन."

काकांनी चष्मा काढला. "नऊशे टक्के! इतकं व्याज तर आपल्याकडे पळून गेलेल्या पतसंस्थांनीसुद्धा कबूल केलं नव्हतं."

मग कमाई म्हणजे काय, हा प्रश्न आला. पगार ही कमाई. स्वतःच्या धंद्यातला नफा ही कमाई. व्याज नाही, बेकारभत्ता नाही, तुरुंगात सुतारकाम करून मिळालेली मजुरी नाही. लढाईवर गेलेल्या सैनिकाचा करमुक्त भत्ता मोजायचा की नाही हे सैनिकाने ठरवायचं. दोन्हीकडून गणित करून जास्त फायद्याचं ते घ्यायचं. शत्रूच्या गोळ्या चुकवून आलेल्या माणसाला हे दुसरं काम. पेन्शनही कमाईत धरत नाहीत. हे ऐकल्यावर काका बराच वेळ गप्प होते.

कमाई काढली तरी काम संपत नाही. समायोजित एकूण उत्पन्न, ज्याला इथे एजीआय म्हणतात, ते वेगळं असलं आणि माथ्याच्या पुढे गेलेलं असलं, तर कोष्टक दोनदा बघायचं: एकदा कमाई घालून, एकदा एजीआय घालून. आणि जी रक्कम कमी येईल ती घ्यायची. सैनिकाला जास्तीची मुभा, बाकीच्यांना कमीची. म्हणजे वर्षात काही महिने नोकरी गेली आणि बेकारभत्ता मिळाला, तर तो भत्ता गड चढायला उपयोगी नाही; उतरायला मात्र धक्का देतो.

आणि गड म्हटला की टकमक टोक आलंच. व्याज, लाभांश, भाडं अशा गुंतवणुकीच्या उत्पन्नाची २०२४ ची मर्यादा ११,६०० डॉलर. तिथे उतार नाही, पायऱ्या नाहीत. ११,६०१ झाले की सगळं क्रेडिट एकदम खाली. इतकं व्याज मिळवणारा माणूस गल्ल्यावर उभा का राहील, हा प्रश्न विचारू नये. कायदा अशाही माणसाची वाट बघत बसला आहे.

सगळ्यात गर्दी कुठे असते माहीत आहे? चढ संपून माथा सुरू होतो त्या कडेवर. इमॅन्युएल साएझ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने २०१० मध्ये करखात्याच्या आकड्यांवरून हे दाखवून दिलं. पगारदार लोक गडभर विखुरलेले. पण स्वतःचा धंदा असलेले नेमके त्या पहिल्या कडेवर खेटून उभे. पगारदाराचा आकडा मालक कळवतो, तिथे हात चालत नाही. धंदेवाला स्वतःचा आकडा स्वतःच सांगतो. मग एखाद्याला आठवतं की यंदा आपण गाडीच्या पेट्रोलवर फारसा खर्च केलाच नाही. नियम असा की झालेला सगळा कायदेशीर खर्च दाखवलाच पाहिजे. उत्पन्न फुगवायलाही बंदी आहे. आपल्याकडच्या कुठल्याही व्यापारी पेठेत हा नियम वाचून दाखवा. लोक आधी हसतील, मग पुन्हा वाचायला सांगतील.

आकड्यांपर्यंत सगळं ठीक होतं. खरा गोंधळ 'मूल' या रकान्यात आहे. मला विचाराल तर केंद्रातला निम्म्याहून अधिक वेळ गणितात जात नाही, नातेसंबंधात जातो. चालणाऱ्या नात्यांची यादी अशी: मुलगा, मुलगी, सावत्र मूल, रीतसर सांभाळायला दिलेलं मूल, भाऊ, बहीण, सावत्र भावंडं, आणि या सगळ्यांचे वंशज. म्हणजे नातू चालतो, पुतण्या चालतो, भाची चालते, भाचीची मुलगीसुद्धा चालते. चुलतभाऊ चालत नाही. मामेबहीण चालत नाही. लहानपणापासून तुमच्याच ताटात जेवलेला आत्याचा मुलगा कायद्याच्या दृष्टीने कोणी नाही.

"आत्याचा मुलगा कोणी नाही?" काकांचा आवाज चढला. त्यांचं सगळं शिक्षण आत्याकडे राहून झालं होतं.

नातं जुळलं की वय: १९ च्या आत, पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर २४ च्या आत, कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर कितीही. शिवाय, अपंगत्व नसेल तर मूल तुमच्यापेक्षा वयाने लहान असलं पाहिजे. हे कायद्यात लिहावं लागलं, कारण भावंडंही चालतात, आणि अठरा वर्षांची कमावती बहीण वीस वर्षांच्या कॉलेजातल्या भावाला आपलं 'मूल' दाखवू शकली असती. शिकणाऱ्या मोठ्या भावाला पोसणाऱ्या धाकट्या बहिणी आपल्याकडे कमी नाहीत. त्या सगळ्या या एका ओळीत बाद.

मग मुक्काम. मूल अर्ध्याहून जास्त वर्ष तुमच्याबरोबर अमेरिकेतल्या घरात राहिलेलं हवं. साध्या वर्षात १८३ रात्री. २०२४ लीप वर्ष, म्हणून १८४. मूल इस्पितळात असेल, शाळेच्या वसतिगृहात असेल, तर ते घरीच धरतात. ३१ डिसेंबरच्या रात्री जन्मलं तरी वर्षभर तुमच्याकडे होतं असं मानतात. आणि परक्या माणसाने पळवून नेलेलं असेल तरीही काही अटींवर ते तुमच्याकडेच राहिलं असं समजतात. ही तरतूद मी काकांना सांगितली नाही. त्यांनीच शोधून काढली आणि जेवताना मोठ्याने वाचून दाखवली. कोणाच्या घशाखाली घास उतरेना.

एका घरात आई, आजी आणि मावशी असल्या आणि मूल एकच असलं, तर अटी तिघींनाही लागू पडतात, पण दावा एकीनेच करायचा. तिघींनी केला तर कोणाचा खरा, याची चढाओढीची नियमावली आहे: आधी आईबाप, दोघं वेगळे राहत असतील तर मूल ज्याच्याकडे जास्त दिवस राहिलं तो, दिवस सारखे तर ज्याचं उत्पन्न जास्त तो. आईने दावा सोडला तर आजी करू शकते, पण आजीचं उत्पन्न आईपेक्षा जास्त असलं तरच. इतक्या बारकाईने वारसाहक्काचे दावेसुद्धा चालत नाहीत. एकत्र कुटुंबाबद्दल अमेरिकेला काही कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी कलम ३२ वाचावं. कळतं सगळं, फक्त चुलतभावंडं मान्य नाहीत.

लग्नाचंही पाहा, हिशेब २०२४ चाच. दोन मुलांची एकटी आई, कमाई १७,४००, क्रेडिट ६,९६०. तिचं एका सज्जनाशी जमतं. तो ४५,००० कमावतो, त्याला मूल नाही. लग्न झालं, एकत्र उत्पन्न ६२,४००. जोडप्यांसाठी उतार थोडा पुढे ढकललेला आहे हे खरं, पण ६२,४०० वर उरतं काय, तर जेमतेम पंचावन्न डॉलर. सरकारतर्फे आहेर. काका म्हणाले, "पाहुणे निदान पाकीट तरी देतात."

मूल नसलेल्यांची गोष्ट लवकर संपते, कारण त्यांचा गडच टेकडीएवढा. दर ७.६५ टक्के, म्हणजे पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी जितकं कापलं जातं तितकाच. २०२४ मध्ये माथ्यावर ६३२ डॉलर, १८,५९१ ला खेळ खलास. वयही २५ पूर्ण ते ६५ च्या आत. केंद्र सरकारचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर; त्यावर वर्षभर पूर्णवेळ राबणाऱ्याला १५,०८० मिळतात आणि २०२४ च्या हिशेबाने वर क्रेडिट २६९. आठवड्याला पाच डॉलर आणि काही नाणी. आमच्या न्यू जर्सीत किमान वेतन २०२४ मध्ये १५.१३ होतं, त्यावर पूर्णवेळ काम केलं की माणूस या योजनेच्या हिशेबाने थेट सुखवस्तू. मला यात विनोद सापडत नाही, पण कायदा करणाऱ्यांना यात काही चमत्कारिक वाटत नसावं.

न्यू जर्सी राज्याचंही स्वतःचं क्रेडिट आहे. त्याचा हिशेब असा: केंद्र सरकारचं जे येईल त्याचे ४० टक्के. आयत्या पिठावर रेघोट्या. पण गल्ल्यावरच्या त्या आईला ३,६८५ वर आणखी १,४७४ मिळतात, तेव्हा रेघोट्या का असेनात.

वाचनालयातल्या आमच्या केंद्रावर अधूनमधून आपली मराठी मुलंही येतात. एमएस करणारी, कॉलेजच्या कँटीनमध्ये भांडी विसळून वर्षाला सात-आठ हजार कमावणारी. त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं की कमी कमाईवर सरकार पैसे देतं. विद्यार्थी व्हिसावरचा माणूस साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं करखात्याच्या लेखी अनिवासी. वर्षातला काही काळ जरी अनिवासी असला तरी क्रेडिट नाही, अपवाद नागरिक किंवा निवासी जोडीदाराचा. एवढं सांगितलं की ही मुलं विचारतात, "मग दादा, लग्न केलं तर?" मी त्यांना वरचा लग्नाचा परिच्छेद सांगतो.

इतकी कसरत करून रक्कम निघाली तरी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ती मिळत नाही. २०१५ च्या कायद्याने तसं ठरवलं, खोटे दावे पकडायला वेळ मिळावा म्हणून. जानेवारीत घरभाडं थकलेलं असतं, गाडीचे टायर गुळगुळीत झालेले असतात. मग रस्त्याच्या कडेला विवरणपत्रं भरून देणारी दुकानं उघडतात. कुठे कुठे त्यांच्यासमोर स्वातंत्र्यदेवतेचा हिरवा झगा घातलेला माणूस पाटी हलवत थंडीत नाचत असतो. तो हंगामी कामगार. बहुधा स्वतःही याच कोष्टकातल्या कुठल्यातरी ओळीत राहतो. आत गेलं की फी परताव्यातूनच कापून घेतात, म्हणजे गरिबाला दिलेल्या पैशांतला एक तुकडा ते पैसे मोजून देणाऱ्याकडे जातो. पात्र लोकांपैकी साधारण पाचातला एक जण तर दावाच करत नाही. आणि करणाऱ्याने बेपर्वाईने चुकीचा दावा केला तर दोन वर्षं बंदी, लबाडी केली तर दहा वर्षं, आणि परत यायचं तर फॉर्म ८८६२.

एप्रिलमध्ये परतीचं विमान पकडण्याच्या आदल्या रात्री काकांनी स्वतःचा हिशेब करायला घेतला. मी म्हटलं, "काका, तुम्ही पर्यटक व्हिसावर आहात. सोशल सिक्युरिटी नंबर नाही. वय सत्तरीचं. अनिवासी आहात. आणि पेन्शन ही कमाई नाही."

"ते मला माहीत आहे," काका म्हणाले. "पण तक्ता कोरा ठेवायचा नसतो."

त्यांनी एकेक ओळ भरली. कमाई: शून्य. पात्र मुलं: शून्य, आत्येभावाचं नाव लिहून खोडलेलं होतं. मग शेवटच्या शून्याखाली पट्टीने दोन रेघा ओढल्या, तारीख घातली आणि विचारलं, "सही कुठे करायची?"